डोक्यावरचे छत : भार, ऊन आणि जाडी

वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावात चक्कर मारली, तर एकाच गल्लीत तीन प्रकारची छते दिसतात. एखाद्या पडक्या वाड्यावर मातीचे धाबे असते, शेजारी नव्या घराचा स्लॅब असतो आणि पलीकडे पत्र्याचे छप्पर असते. गावातल्या वयस्क माणसांना विचारले, तर ती ठामपणे सांगतात, की धाब्याचे घर उन्हाळ्यात गार, स्लॅबचे घर रात्रीची भट्टी आणि पत्र्याचे घर दिवसाची भट्टी. हा अनुभव खरा आहे. पण त्यामागचे कारण बहुतेक जण 'माती थंड असते' एवढ्यावरच सोडून देतात. हे उत्तर पुरेसे नाही. ते खरे मानून कोणी पुन्हा जड मातीची छते घालू लागला, तर ते धोक्याचेही ठरेल. म्हणून या लेखात छताकडे जरा बारकाईने पाहू या. हा विषय शाळेच्या वर्गात शिकवता येण्याजोगा आहे आणि त्याची प्रयोगशाळा प्रत्येक वर्गात डोक्यावरच तयार आहे.

छताची तीन कामे

छताला तीन कामे करावी लागतात. पहिले, दोन भिंतींमधले अंतर ओलांडून स्वतःचा आणि वरचा भार पेलणे. दुसरे, पाऊस बाहेर ठेवणे. तिसरे, ऊन बाहेर ठेवणे. कोकणात दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे असते, म्हणून तिथली कौलारू छपरे उतरती असतात. वऱ्हाडात पाऊस त्या मानाने कमी आणि उन्हाळा कडक. वाशिमला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. विदर्भातल्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्याचे कारण हेच ऊन. साहजिकच इथल्या जुन्या घरबांधणीत तिसऱ्या कामाला अग्रमान मिळाला आणि सपाट, जाड धाबे रूढ झाले. मराठवाड्याच्या बाजूला त्यालाच माळवद म्हणतात.

धाब्याची रचना अशी असते. लाकडी खांबांवर तुळया टाकतात. तुळयांवर थोड्या थोड्या अंतरावर कड्या आणि कड्यांवर आडव्या फळ्या किंवा फळकुटे बसवतात. त्यावर पाला, काड्या किंवा पाचटाचा थर देतात. सर्वांत वर फूटभर, कुठे दीड फूट मातीचा थर चोपून बसवतात. त्याला किंचित उतार देऊन पाणी पन्हाळीतून बाहेर काढतात. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घराचे मापही खणांतच सांगतात. सधन घरांत कड्यांवरच्या फळ्या रंधून, नक्षी काढून बसवत. खालून दिसणाऱ्या या लाकडी छताला तक्तपोशी म्हणतात. कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरांतील लाकडी कोरीव काम पाहिले, म्हणजे या भागातल्या सुतारांचा हात किती तयार होता हे कळते.

धाब्यावर कोणती माती घालायची, याचेही शास्त्र होते. आपल्याकडे 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गाव. धाब्यावर शेतातली काळी माती कधी घालत नसत, पांढरीच घालत. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या प्रकारच्या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच कारणाने पडतात. अशा भेगा छताला पडल्या, तर पहिल्याच पावसात घर गळेल. पांढरी माती त्या मानाने कमी फुगते. काही गावांत पावसाळ्याच्या तोंडी वरून खारी मातीही पसरतात. तिच्यातल्या सोडियममुळे मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सुटे होतात, खालच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि पृष्ठभाग बंद करतात. शेतीच्या दृष्टीने वाईट असलेला गुण छतासाठी उपयोगी पडतो! दोन्ही मातींच्या ओल्या चकत्या थापून आठवडाभर सावलीत वाळवल्या, तर मुलांना हा फरक डोळ्यांनी दिसेल.

अंतर कसे ओलांडायचे?

आता पहिल्या कामाकडे वळू. तुळई दोन टोकांवर टेकलेली असते आणि भाराने मध्यभागी किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. हे समजण्यासाठी एक रबरी खोडरबर घ्या, त्याच्या बाजूवर पेनने उभ्या समांतर रेघा ओढा आणि ते वाकवून पाहा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला फाकतात. छताच्या रचनेचा सारा इतिहास हा या खालच्या ताणाशी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

लाकूड ताण आणि दाब दोन्ही चांगले सोसते. म्हणूनच छतासाठी माणसाने पहिल्यांदा लाकूड निवडले. मात्र अंतर वाढले की अडचण झपाट्याने वाढते. दर फुटाला भार तेवढाच ठेवून तुळईची लांबी दुप्पट केली, तर तिला वाकवू पाहणारा परिणाम चौपट होतो आणि मधला झोल तर सोळापट होतो. उलट तुळईची उंची दुप्पट केली, तर ताकद चौपट होते. फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये दाबा, मग तीच उभ्या कडेवर धरून दाबा. तुळई नेहमी उभट का ठेवतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दगडाचे तसे नाही. आपला काळा पाषाण दाबाला अतिशय बळकट, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने ढोबळमानाने दहाव्या हिश्श्याइतकीच. साधा खडूही असाच वागतो. तो उभा धरून दाबला तर सहसा मोडत नाही, पण दोन टोकांवर ठेवून मध्ये दाबला की पटकन मोडतो, आणि तडा खालून सुरू होतो. म्हणून दगडी मंदिरांत खांब जवळजवळ असतात. शिरपूरच्या जुन्या जैन मंदिरात किंवा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात उभे राहिले, की ही खांबांची दाटी जाणवते. लोणारच्या छतावरचे पुराणकथांचे कोरीव देखावे पाहताना आपण त्यातल्या आकृतींकडे पाहतो. पण ज्या शिळांवर त्या कोरल्या आहेत, त्या किती लहान अंतर ओलांडतात, हेही मुलांना मोजायला सांगावे. अंतर थोडे अधिक असेल, तर जुने कारागीर चौकोनाचे चार कोपरे तिरप्या शिळांनी झाकत. मग मधे वळलेला लहान चौकोन उरे. त्याचेही कोपरे झाकत गेले, की शेवटी एकाच शिळेने बंद करता येईल एवढीच जागा शिल्लक राहते. हा भूमितीचा एक सुंदर पाठ आहे. बाजूंचे मध्यबिंदू जोडून केलेल्या प्रत्येक आतल्या चौकोनाचे क्षेत्रफळ बाहेरच्याच्या निम्मे होते.

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेतला राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून दिले. तसा शिलालेख तिथे आहे. या लेण्याच्या पुढच्या दालनाचे छत मुद्दाम पाहावे. ते अखंड खडकात कोरलेले आहे, पण त्याला लाकडी तुळया आणि कड्यांचे रूप दिले आहे. तुळयांची टोके पेलून धरणाऱ्या बुटक्या गणांच्या मूर्तीही आहेत. खडकाला या तुळयांची मुळीच गरज नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर त्याही आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, दगडी कमानदार छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या. त्या आजही जागेवर आहेत, आणि त्यांवर छताचा भार नाही. छत म्हटले की तुळया दिसल्याच पाहिजेत, अशी त्या काळच्या डोळ्यांची सवय होती. यावरून हेही कळते, की अजिंठ्याच्या काळातली घरे, विहार आणि राजवाडे, जे आज उरलेले नाहीत, ते लाकडी कड्यापाटांचे असले पाहिजेत. वत्सगुल्मातल्या घरांची छते नष्ट झाली, पण त्यांची प्रतिकृती अजिंठ्याच्या खडकात राहिली, असा तर्क करायला जागा आहे. आजही काही बैठकींत स्लॅबखाली लाकडाच्या खोट्या तुळया बसवलेल्या आपण पाहतो. सवय जुनीच आहे.

इंग्रजी अमदानीत लोखंडी गर्डर आले. दोन गर्डरांच्या मध्ये विटांची छोटी कमान, तिच्या शेजारी दुसरी, अशी छते त्या काळच्या अनेक कचेऱ्यांत आणि रेल्वेच्या इमारतींत दिसतात. इथे ताण लोखंडाने घेतला आणि दाब विटांनी. याच कल्पनेची पुढची पायरी म्हणजे सळईचे काँक्रीट.

काँक्रीट हा एक प्रकारे ओतीव दगडच. दाबाला भक्कम, ताणाला दुबळा. म्हणून ताण जिथे येतो तिथे, म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूला, पोलादी सळया घालतात. खडूच्या प्रयोगात याचीही गंमत दाखवता येते. खडूच्या खालच्या बाजूला लांबीभर चिकटपट्टी घट्ट लावून पुन्हा मध्ये दाबा. तो पूर्वीइतका सहज दुभंगत नाही. आता पट्टी वरच्या बाजूला लावून पाहा, काहीच उपयोग होत नाही. मात्र छज्जाची गोष्ट उलटी असते. छज्जा एकाच टोकाला धरलेला आणि दुसरीकडे मोकळा. तो खाली झुकू पाहतो तेव्हा ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून छज्जाच्या मुख्य सळया वर असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली त्या दबून खाली गेल्या, तर सेंट्रिंग काढल्यावर छज्जा कोसळू शकतो. गावात कुठे बांधकाम चालू असेल, तर एवढी एक गोष्ट पाहायला मुलांना जरूर न्यावे.

उन्हाची लाट छतातून कशी उतरते?

आता मुख्य प्रश्न. धाबे गार का?

सूर्य दुपारी छताचा वरचा पृष्ठभाग तापवतो, रात्री तो पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकून निवतो. म्हणजे वरच्या पृष्ठभागाचे तापमान २४ तासांच्या तालावर चढते-उतरते. हा चढउतार लाटेसारखा छतातून खाली सरकतो. सरकताना दोन गोष्टी घडतात : लाटेला खाली पोचायला वेळ लागतो आणि तिची उंची कमी होत जाते. लाटेचा वेग पदार्थ उष्णता किती सहज वाहतो आणि किती साठवतो, या दोन गुणांवर ठरतो. नेहमीचे आकडे घेऊन आम्ही ढोबळ हिशेब केला, तर काँक्रीटमध्ये ही लाट तासाला सुमारे पावणेचार सेंटिमीटर उतरते आणि चोपलेल्या कोरड्या मातीत तासाला सुमारे तीन सेंटिमीटर. लाटेची उंची काँक्रीटमध्ये दर १० सेंटिमीटरला निम्मी होते, मातीत दर ८ सेंटिमीटरला.

हे आकडे नीट पाहावेत. माती आणि काँक्रीट यांत फरक आहे, पण तो फार मोठा नाही. मग अनुभव इतका वेगळा का येतो? कारण जाडी वेगळी आहे. स्लॅब साधारण १२ सेंटिमीटरचा, धाब्याची माती ३० सेंटिमीटरची. स्लॅबमधून लाट तीन तासांत खाली पोचते आणि तिची चाळीस टक्क्यांहून अधिक उंची शिल्लक असते. धाब्यातून ती दहा तासांनी पोचते आणि तेराव्या हिश्श्याएवढीच उरते. समजा, वरच्या पृष्ठभागाचे तापमान पहाटे २५ आणि दुपारी ६० अंश होते, म्हणजे फरक ३५ अंशांचा. तर स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागावर तो सुमारे १५ अंशांचा होईल, धाब्याखाली तीनपेक्षा कमी. शिवाय वरचा पृष्ठभाग दुपारी दीड-दोनला सर्वांत तापतो, असे धरले तर स्लॅबचे पोट संध्याकाळी पाचच्या सुमारास सर्वांत तापलेले असते आणि रात्री निजायच्या वेळीही धगधगत असते. धाब्याखालची उरलीसुरली लाट मध्यरात्री पोचते, जेव्हा बाहेरची हवा गार झालेली असते. त्यातून धाब्यातले धुराचे आणि उजेडाचे झरोके तापलेली हवा वरून बाहेर काढायला मदत करतात. आणि रात्री घरातली माणसे तर धाब्यावरच झोपायची!

हा हिशेब एकजिनसी, जाड थर गृहीत धरून केलेला आहे. प्रत्यक्षात घराची हवा, भिंती, लाकडाचा आणि पाल्याचा थर यांचाही परिणाम होतो. पण निष्कर्ष बदलत नाही. धाब्याचे गारपण मुख्यतः त्याच्या जाडीत आहे. तीस सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर घातला, तर तोही लाट आठव्या हिश्श्यावर आणेल.

पत्र्याला जाडीच नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे वरचे आणि खालचे तापमान जवळजवळ एकच असते आणि भर दुपारी ते ६० अंशांपर्यंत सहज जाते. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वर्गात बसलेल्या मुलाला हवेइतकाच छताच्या प्रारणाचा त्रास होतो. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकतो. त्वचेचे तापमान ३५ अंश आणि दोन्ही पृष्ठभाग पूर्ण काळे धरले, तर ३३ अंशांच्या छताखाली दर चौरस मीटरमागे आपल्यालाच १३ वॉट उष्णता छताकडे टाकता येते. ४३ अंशांच्या स्लॅबखाली उलट सुमारे ५५ वॉट आपल्याकडे येतात. ६० अंशांच्या पत्र्याखाली सुमारे १९० वॉट. पंखा हवा हलवतो, घाम वाळवतो, पण हे प्रारण अडवू शकत नाही. पत्र्याखालच्या वर्गात पंखा असूनही डोके का तापते, त्याचे उत्तर हे आहे. नवा चकचकीत पत्रा याहून पुष्कळ कमी प्रारण करतो. चकाकणारा धातू उष्णता टाकण्यात कंजूष असतो. पण तो गंजला, मळला किंवा त्याच्या खालच्या बाजूला रंग दिला, की हा फायदा जातो.

जाडीची किंमत

मग जाड धाबीच बरी, असे म्हणावे का? इथे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी लागते. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. पहाटे चारच्या आधी सगळे झोपेत होते. त्यांच्या डोक्यावर मातीची माळवदे होती आणि ती गोट्यांच्या, चिखलात बांधलेल्या जाड भिंतींवर टेकलेली होती.

हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर कोरडी माती घातली, तर तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. पावसाने भिजली की आणखी जास्त. तेवढ्याच खोलीचा १२ सेंटिमीटरचा स्लॅब पावणेतीन टनांचा, आणि पत्रा पन्नास किलोंचा. भूकंपात जमीन आडवी हलते. छताच्या जडत्वामुळे भिंतींवर आडवे बल येते आणि ते छताच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या हिश्श्याइतके झाले, तर धाब्याचे आडवे बल ९०० किलो वजनाइतके होईल. मातीत रचलेली भिंत उभा भार पिढ्यानपिढ्या सोसते, पण असा आडवा धक्का तिला सोसत नाही. स्लॅबही हलका नसतो. मात्र तो अखंड असतो आणि नीट बांधलेल्या भिंतींना वरून एकत्र धरून ठेवतो. कच्च्या दगडमातीच्या भिंतींवर टाकलेला स्लॅब मात्र धाब्याइतकाच घातक ठरतो, हे विसरू नये.

वाशिमकरांना ही गोष्ट दूरची वाटू नये. सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीनंतर जुनी घरे सुरक्षित करण्यासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यांत माळवदावरची माती कमी करणे हा एक प्रमुख उपाय होता. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी टेकू देणे आणि भिंतीत आरपार दगड घालणे, हे इतर दोन. खांबांवर उभी असलेली जुनी घरे काही ठिकाणी भिंती ढासळूनही उभी राहिली, हेही तेव्हा दिसले. दरवर्षी वरून माती टाकून टाकून धाबे जड होत जाते. ज्या घरांत आजही माणसे धाब्याखाली झोपतात, तिथे पावसाळ्याआधी मातीची जाडी आणि तुळयांची वाळवी तपासणे हे पहिले कर्तव्य आहे.

कामाची वाटणी

म्हणजे पेच असा आहे : गारवा जाडीतून येतो, आणि जाडीतूनच धोका येतो. हा पेच सुटतो तो तिन्ही कामे एकाच थरावर न टाकता वाटून दिल्याने. भार पेलण्याचे काम सळईच्या स्लॅबला किंवा पत्र्याच्या सांगाड्याला द्यावे. ऊन अडवण्याचे काम हलक्या थरांना द्यावे. जड थर ऊन लांबवतो, त्याचा चढउतार कमी करतो, पण सरासरी तापमान खाली आणत नाही. ऊन शिरण्याआधीच परतवले, तर सरासरीही खाली येते.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. करडा स्लॅब पडलेल्या उन्हातले साधारण ६५ टक्के ऊन शोषतो, ताजा पांढरा चुना २५ टक्क्यांच्या आसपास. भर दुपारच्या दर चौरस मीटर १००० वॉट उन्हातून शोषलेला भाग ६५० वरून २५० वर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब धुऊन, चुन्यात थोडा डिंक किंवा सरस घालून दोन हात द्यावेत. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले, तर हेच काम कायमचे होते.

दुसरा उपाय सावलीचा. स्लॅबवर वीतभर उंचीवर तुराट्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला, तर ऊन तट्ट्यावर पडते आणि मधल्या वाऱ्याने ती उष्णता निघून जाते. पालथी मडकी जवळजवळ मांडून वर पातळ गिलावा करण्याची पद्धतही आहे. त्यात मडक्यातली कोंडलेली हवा उष्णतेला अडवते आणि वजन भरीव मातीच्या मानाने बरेच कमी राहते. मात्र कोणतेही वाढीव वजन इमारतीच्या जाणकाराला विचारल्याशिवाय घालू नये.

तिसरा उपाय खालून. ज्याला आज फॉल्स सीलिंग म्हणतात, ती कल्पना आपल्याला नवी नाही. कौलारू घरात कौलांखाली फळ्यांचा माळा असे. त्यावर धान्य आणि अडगळ ठेवीत. तापलेल्या कौलांचे प्रारण माळ्यावरच अडे आणि मधली गरम हवा कौलांच्या फटींतून बाहेर जाई. पत्र्याच्या वर्गात हेच काम हलक्या छताने होते. पत्र्यापासून फूटभर खाली दुसरा थर बांधावा आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळती ठेवावी. पोकळी बंद ठेवली, तर निम्मा फायदा जातो. जिप्समचे तक्ते किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरतात त्याला आणखी एक कारण आहे. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेले असते. आग लागली तर ते पाणी वाफ होऊन निघेपर्यंत पलीकडची बाजू फार तापत नाही. थर्मोकोलचे तक्ते उष्णता उत्तम अडवतात, पण उघडे थर्मोकोल भराभर पेटते. शाळेत ते डोक्यावर उघडे लावू नये. तट्टे वापरले तर विजेच्या तारा त्यांच्यापासून दूर, नळीतून न्याव्यात. आणि कोणत्याही खोट्या छताला एक झाकण ठेवावे, म्हणजे वरची गळती आणि स्लॅबच्या गंजलेल्या सळया अधूनमधून पाहता येतील. सळई गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. सुंदर छतामागे हे लपून राहिले, तर वेळीच कळत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक साधा तापमापी घ्या आणि तो बाहेरून काळा रंग दिलेल्या लहान पत्र्याच्या डब्यात, फुगा मधोमध राहील असा बसवा. हा डबा वर्गाच्या मध्यभागी मुलांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. शेजारी दुसरा, उघडा तापमापी टांगा. उघडा तापमापी प्रामुख्याने हवा दाखवतो, काळा डबा छताचे प्रारणही टिपतो. मार्च-एप्रिलमध्ये दर तासाला दोन्ही आकडे लिहा आणि आलेख काढा. शक्य असेल तर एक डबा स्लॅबच्या वर्गात, एक पत्र्याच्या वर्गात आणि एखाद्या मुलाच्या धाब्याच्या घरी ठेवा. तीन आलेखांची शिखरे वेगवेगळ्या वेळी येतील. त्या वेळांमधल्या फरकावरून लाटेचा वेग काढता येईल आणि वर दिलेल्या आकड्यांशी पडताळता येईल. नंतर एका वर्गाच्या स्लॅबला मोठ्या माणसांकडून चुना लावून घ्या आणि आठवडाभर पुन्हा मोजा. मुलांना मात्र छतावर चढवू नये, आणि चुना कालवताना डोळे सांभाळावेत.

असे मोजलेले आकडे मुलांच्या वहीत राहू नयेत. पत्र्याच्या वर्गात दुपारी दोन वाजता काळ्या डब्याचे तापमान किती होते, हे तारखेनिशी लिहिलेला आलेख शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येतो. वर्गखोली नवी बांधायची असो की जुनीला खोटे छत घालायचे असो, किती भार, किती जाडी आणि कोणता रंग, हे ठरवताना त्या आलेखाचा उपयोग होईल.